मागे राहणाऱ्याचा वाटा

आमचे हे पैशाच्या बाबतीत पहिल्यापासून भित्रे. जर्मनीत रेगेन्सबर्गला नोकरी लागली तेव्हा कंपनीने पेन्शनसाठी दोन पर्याय पुढे ठेवले होते. एकात पगारातून कापलेली रक्कम शेअरबाजारातल्या फंडात जाणार, वाढली तर चांगलीच वाढणार आणि बुडाली तर आपलं नशीब. दुसऱ्यात विमा कंपनी ठरावीक व्याजाची हमी देणार, भरलेला पैसा काही झालं तरी कमी होणार नाही. ह्यांच्याबरोबर पुण्याहून आलेल्या तिघा इंजिनिअरांनी फंड घेतला. ह्यांनी हमी घेतली. ते तिघं त्याला आजोबांची स्कीम म्हणायचे, आणि हे हसून सोडून द्यायचे.

दर जानेवारीत विमा कंपनीचं पत्र यायचं. हे ते सुरीने नीट फोडायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायचे, ‘खाली गेलं नाही’ एवढंच म्हणायचे आणि फाइलला लावायचे. एका वर्षी बाजार कोसळला. त्या वर्षीच्या गणपतीला तिघांचे चेहरे उतरलेले होते. हे कुणाला काही बोलले नाहीत, पण दोन मोदक जास्त खाल्ले, ते मी पाहिलं. पुढे बाजार पुन्हा चढला, तिघांनी घरं घेतली, आणि आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांतच राहिलो. मी टोमणे मारायला कमी केलं नाही. तुमचा पैसा म्हणजे फ्रिजमधलं दही, आंबतही नाही आणि वाढतही नाही, असं मी चारचौघांत म्हणायची. पण खरं सांगायचं तर ह्यांच्या त्या भित्रेपणाच्या जिवावर मी पंचवीस वर्षं निर्धास्त राहिले.

मी काही अडाणी नव्हे, हे इथे सांगायला हवं. लग्नाआधी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी सहा वर्षं मुदत ठेवींच्या खिडकीवर होते. फॉर्ममधला वारसदाराचा रकाना कोरा दिसला की मी फॉर्म परत करायची. म्हातारी माणसं बायकोचं नाव लिहायला संकोचायची, तेव्हा मी, ‘काका, तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलात का?’ असं विचारायची आणि सगळी रांग हसायची. इथे आल्यावर नोकरी अशी केली नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यावर युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये दिवसाचे तीन-चार तास काम केलं, तेवढंच. माझी स्वतःची पेन्शन बसच्या पासपुरती आहे.

दोन वर्षांपूर्वी हे निवृत्त व्हायचे होते, तेव्हा विमा कंपनीने बोलावलं. मी बरोबर गेले. समोर सल्लागार बाई होती, चाळिशीची, शांत, प्रत्येक कागद आमच्याकडे वळवून दाखवणारी. पैसे एकरकमी घ्यायचे की महिन्याच्या महिन्याला, हे तिने आधी विचारलं. ह्यांना पगारासारखं दर महिन्याला हवं होतं, त्यात चर्चा नव्हती. मग तिने दुसरा कागद काढला. हिंटरब्लीबेनेन-रेंटे, म्हणजे मागे राहणाऱ्या माणसाची पेन्शन. ती घेतली तर ह्यांच्या पश्चात मला दर महिन्याला निम्म्याहून जास्त रक्कम मिळत राहील, पण त्यासाठी आतापासून ह्यांची पेन्शन थोडी कमी होईल. थोडी म्हणजे आमच्या आठवड्याच्या भाजी-किराण्याएवढी.

हे म्हणाले, ‘घेऊ या की.’

मी नको म्हणाले.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या पण ठाम जर्मनमध्ये सांगितलं, ‘मी ह्यांच्या आधी जाणार आहे.’

तिने कागदावरच्या जन्मतारखा पाहिल्या. मी ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. सहसा उलटं होतं, असं ती अगदी हळू म्हणाली. मी हसले. लहान मूल काहीतरी खुळ्यासारखं बोललं की आपण जसं हसतो, तशी. सल्ला समजावून सांगितला आणि तो आम्ही नाकारला, असं तिने लिहून घेतलं. खाली ह्यांनी सही केली, शेजारी मी केली. वाचून केली.

आता ह्याचं कारण काय सांगू? मी वटपौर्णिमा कधी केली नाही. इथे वड नाही, आणि असता तरी मी गेले नसते. पण माझी आई भरल्या कपाळाने गेली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, आणि गल्लीतल्या बायका रांगेने येऊन तिच्या पाया पडल्या. एरवी तिच्याशी भांडणाऱ्यासुद्धा. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. त्या दिवशी मी रडले कमी आणि मनाशी ठरवलं जास्त, की आपणही असंच जायचं. ते इतकं पक्कं बसलं की पुढे त्याचा कधी विचारही केला नाही. त्या टेबलाशी हे माझ्या शेजारी बसलेले, धडधाकट, कोटाच्या खिशात बसची तिकिटं, आणि मी ह्यांच्या मरणानंतरचे पैसे आजच ठरवून घ्यायचे, ह्या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला. मला ते निर्लज्जपणाचं वाटलं. वर आठवड्याची भाजी वाचते, हा हिशेबही होताच. मी दोन्हींच्या आहारी गेले.

पेन्शन सुरू झाली आणि नऊ महिन्यांनी ह्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. बरं होण्याची गोष्ट डॉक्टरांनी केलीच नाही. औषधांनी काही महिने मिळतील, म्हणाले.

मी त्या सल्लागार बाईला फोन केला. तिला मी आठवत होते. एकदा पेन्शन सुरू झाली की ह्यातलं काही बदलता येत नाही, हे तिने इतक्या हळुवारपणे सांगितलं की मला तिचा राग येऊ शकला नाही. मला ते माहीतच होतं. माझ्या खिडकीशी असं कुणी आलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. सरकारी पेन्शनमधला विधवेचा वाटा मला मिळेल, पण त्यात ह्या घराचं भाडंही पुरतं निघणार नाही. सांगलीला आता आमचं कुणी उरलेलं नाही.

मुलगी बॉनला असते. तिला मराठी सगळं समजतं, बोलते जर्मनमध्ये. फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच शब्द विचारला, ‘वारुम?’ म्हणजे का. मी म्हणाले, मला वाटलं होतं मी आधी जाईन. मग तू माझ्याकडे ये, असं म्हणाली. तिच्या दोन खोल्या, एका खोलीत तिचं ऑफिस. मला बाहेरच्या सोफ्यावर झोपवेल, प्रेमाने झोपवेल, आणि मी तिथे रोज सकाळी तिची मीटिंग सुरू व्हायच्या आत अंथरूण आवरत राहीन, जगेन तोवर.

पण हेही मी सहन केलं असतं. जे सहन होत नाही ते वेगळंच आहे. दर महिन्याला पैसे जमा झाले की मला बरं वाटतं. आणखी एक महिना, असं मनात येतं. देवासमोर हात जोडते तेव्हा मी ह्यांच्यासाठी मागते की त्या महिन्यासाठी, हे माझं मलाच कळेनासं झालं आहे. चौतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्यावर खूप चिडले, खूप हसले, पण ह्यांच्या जगण्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. स्वतःची घृणा वाटते.

आणि ह्यांना ते कळलं आहे. औषधाची बाटली चढवून आले की तीन दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. तोंडात फोड येतात, वरणभातसुद्धा झोंबतो. तरी चौथ्या दिवशी उठून बसतात आणि औषध घ्यावं तसे घास गिळतात. एकदा दुपारी असेच चमचा हातात धरून म्हणाले, ‘अगं, मी आहे तोवर पैसे येत राहतील.’ मी गप्प बसा म्हणाले. उन्हाळा काढू म्हणजे तुझ्या हाती थोडं साठेल, असं त्यांनी पुढे सांगितलं, आणि पुढचा घास घेतला. आजोबांच्या स्कीमवर हसणारे ते तिघं अधूनमधून भेटायला येतात, फळं ठेवून जातात. त्यांच्यासमोर हे छान बोलतात.

गेल्या मंगळवारी तपासणीचे निकाल कळणार होते. बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. पूल ओलांडताना म्हणाले, ‘आता पुरे वाटतंय गं.’ मी त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला.

डॉक्टर तरुण आहेत, पण बोलतात समजुतीने. औषध आता काम करत नाही, असं त्यांनी सांगितलं. आणखी एक औषध आहे, ते जास्त कडक आहे, त्याने थोडे आठवडे मिळाले तर मिळतील, आणि ते आठवडे त्रासाचे असतील. नाहीतर इथेच थांबायचं, घरी जायचं, वेदना होणार नाहीत ह्याची काळजी ते घेतील. थांबण्यात काही हरणं नाही, असंही ते म्हणाले. मग थांबले आणि वाट पाहू लागले.

ह्यांनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. ह्यांना थांबायचं होतं, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी एक शब्द बोलले असते, नुसती मान हलवली असती, तरी पुरलं असतं. हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मी टेबलावरच्या कागदी रुमालांच्या डब्याकडे बघत राहिले.

‘चालू ठेवू,’ हे मला मराठीत म्हणाले, आणि मग तेच डॉक्टरांना जर्मनमध्ये सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून डायरी काढली आणि पुढची तारीख कोणती, ते विचारलं.