पत्र्याच्या छताखालचा ताशा

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या स्पोर्ट्‌स हॉलमधली ती ढोल-ताशा स्पर्धा आठवली की अजून डोकं फिरतं. आम्ही सगळा हिवाळा कार पार्कमध्ये, बोटं बधिर होईपर्यंत सराव केला होता. पथकात ताशा सांगेल तसा ढोल वाजतो, आणि ताशावर मी होते. पण हॉलच्या पत्र्यावर आपटून माझाच ताशा अर्धा ठोका उशिरा परत यायचा, आणि मागची रांग त्या प्रतिध्वनीवर वाजवत राहिली. मी मानेने खुणा करून थकले. मैदानात घ्या, असं आयोजकांना आधीच सांगितलं होतं. म्हणे, पाऊस आला तर?

निकाल देताना परीक्षक म्हणाले, "तुमचा ताल चुकला." मग त्यांनी कानातले इअरप्लग काढून खिशात ठेवले.