राखून ठेवलेला अर्धा किल्ला

लोझानने जमिनीचा एक तुकडा पस्तीस वर्षं राखला, तोही सख्ख्या भावाला तुरुंगात धाडून. डॅन्यूब नदीकाठच्या पुरातन रोमन किल्ल्याच्या उत्खननात तो खणायच्या कामाला होता. उत्खननाचे जुने प्रमुख, प्राध्यापक, मरताना सांगून गेले होते, "उत्तरेच्या अर्ध्या भागाला कुणी हात लावलेला नाही. तसाच राहू दे. पुढच्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असेल." लोझानला ती काळ्या दगडावरची रेघ वाटली.

गावात जुनी नाणी चोरणाऱ्यांचा सुळसुळाट होता. एकदा त्याच उत्तरेच्या भागात थोरला भाऊ त्सोलोच धातू शोधायच्या यंत्रासकट सापडला. पोलिसांना कळवलं लोझानने. बेड्या पडताना त्सोलो ओरडला, "अरे मूर्खा, तिथं काय डोंबल आहे? माती भुसभुशीत लागतेय, आधीच कुणीतरी उकरलंय!"

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणून लोझानने तोंड फिरवलं. दोन वर्षांनी सुटून आलेला त्सोलो मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

यंदा महामार्ग किल्ल्यावरूनच जायचं ठरलं. खणायचा खर्च रस्त्याची कंपनी देणार, मग वर डांबर. पुढच्यांसाठी राखायचं कसलं, कपाळ! नवी प्रमुख रादोस्तिना म्हणाली, "काका, आपण नाही खणलं तर बुलडोझर खणेल." लोझानने स्वतःच पहिली कुदळ मारली.

उत्खनन करणाऱ्यांची एक रीत आहे. खड्डा बुजवण्याआधी तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेवायचं, म्हणजे नंतर खणणाऱ्याला कळतं, इथवर कुणीतरी येऊन गेलंय. लोझानने स्वतः अशी कितीतरी नाणी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी दोन मीटर खोलीवर त्याच्या थापीला एक नाणं लागलं. त्याने ते बाहीला पुसलं. साल १९८१.

तो कामाला लागण्याच्या तीन वर्षं आधीचं. तेव्हा देशाच्या तेराशेव्या वर्धापनाच्या सरकारी समारंभासाठी उत्खननांवर पैशांचा पूर आला होता आणि काहीतरी घबाड सापडायलाच हवं होतं. प्राध्यापकांनी घाईघाईत सगळं उकरलं, बुजवलं आणि कागदावर 'अस्पर्शित' लिहिलं. माणसांशी खोटं बोलले, पण रीत मोडायचा धीर त्यांना झाला नाही.

रादोस्तिनाचा चेहरा उतरला. "काका, ते खिशात टाका. उकरलेल्या जागेसाठी कंपनी पैसे का देईल? आणि सरांचं नाव जाईल ते वेगळंच."

"नाव जाईल?" लोझानचा आवाज चढला. "माझा भाऊ याच मातीपायी आत गेला, पोरी. लिही नाण्याच्या चिठ्ठीवर, एकोणीसशे एक्क्याऐंशी."

ती लिहीपर्यंत तो हलला नाही.

संध्याकाळी तो दफनभूमीत गेला. तिकडच्या प्रथेप्रमाणे त्सोलोच्या थडग्यावर त्याने थोडी वाइन ओतली आणि टोपी काढली. एवढ्या वर्षांत भावाशी बोलायची सवय उरली नव्हती.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "माती भुसभुशीतच होती रे."