भाऊसाहेबांचे नकारार्थी काळ

इंग्रजी क्रियापदांची नकारार्थी रूपं शिकवल्याने माणूस संकटात सापडू शकतो. मी सापडलेलो आहे.

मी रिसोडला एका दैनिकाचा वार्ताहर आहे. आमच्या घराण्यात इंग्रजी पेपर हातात धरलेला मी एकटाच (धरलेला, वाचलेला नव्हे!), त्यामुळे इंग्रजीचं काहीही निघालं की माझ्याकडे येतं. यंदा थोरली बहीण किन्हीराजाहून आली ती मुलीला घेऊनच. भाची पल्लवी, बी.एड. झालेली. तालुक्यातल्या एका इंग्रजी शाळेत तिची मुलाखत होती.

"भाऊ, हिले निगेटिव शिकव. बाकी सारं येते तिले."

"निगेटिवच काहून?"

"मांगच्या मुलाखतीत तिथंच अडकली ना! नोकरी लागली तं लगन थांबते. नाही लागली तं हिच्या बाबानं पोरगा पाहून ठेवला हाय. सोयाबीन निघालं की पाहुणे येतेत."

 पल्लवी नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेपुढे मी हो म्हणालो. माझं स्वतःचं निगेटिव कच्चं आहे ते असं.

पहिली शिकवणी वाया गेली. पुस्तकातलं उदाहरण होतं, 'सीता चेंडू फेकत नाही'. पल्लवी 'सीता डझन्ट'पर्यंत यायची आणि थांबायची.

"मामा, हे सीता कोन? अन् चेंडू कायले फेकीन ते?"

प्रश्न रास्त होता. बातमीत माणूस ओळखीचा लागतो आणि माहिती खरी लागते. उदाहरणात का नको? आणि खऱ्या नकारार्थी माहितीचा माझ्याकडे मोठा साठा पडून होता. त्याच शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, भाऊसाहेब, यांच्याविषयी मी पाठवलेल्या बातम्या. त्यातली एकही कधी छापून आली नाही. (भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात मात्र पान भरून येते.) मी त्या सगळ्या बातम्या क्रियापदांना जोडल्या. भाऊसाहेब डझन्ट कम टू स्कूल. भाऊसाहेब डिडन्ट कम टू स्कूल. भाऊसाहेब वोन्ट कम टू स्कूल. भाऊसाहेब हॅझन्ट फिल्ड द वॉटर टँक. भाऊसाहेब हॅडन्ट रिपेअर्ड द बस.

आणि पोरगी सुटली! भांडी घासताना डझन्ट, केस विंचरताना वोन्ट. एका दमात, पाढ्यासारखं. पत्रकारितेत जे साधलं नाही ते शिकवणीत साधलं म्हणून मी खूश होतो. मुलाखतीत नाव बदलायचं, हे सांगायचं तेवढं राहिलं. सांगावं लागेल असं वाटलंच नाही. पण पाठ केलेलं मध्येच बदलायची आमच्याकडे पद्धत नाही. पाढा म्हणताना कोणी आकडा बदलतं का?

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊसाहेबांनी मला पाहिलं.

"अरे, पत्रकार साहेब! बाहीर काहून? आत या. आपल्याकडं सारं खुल्लं हाय."

आत टेबलामागे भाऊसाहेब आणि मुख्याध्यापिका मॅडम. समोर पल्लवी. तिच्यामागे खुर्चीत मी. मॅडमनी पुस्तकातलं काहीबाही विचारलं. मग त्या सहज म्हणाल्या, "नकारार्थी वाक्यं सांगा. सगळ्या काळांत."

तिला थांबवायला मी खोकलो. पल्लवीला वाटलं, मामा सुरू कर म्हणतोय.

"भाऊसाहेब डझन्ट कम टू स्कूल! भाऊसाहेब डिडन्ट कम टू स्कूल!"

मी पुन्हा खोकलो. तिने वेग वाढवला. टाकी आली, बस आली. एक काळ म्हणून सोडला नाही! मॅडमनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मी डोळे मिटून पाहुण्यांसाठी पोहे किती लागतील याचा विचार करू लागलो.

"वाऽऽ!" भाऊसाहेब ओरडले.

मी डोळे उघडले. इंग्रजी शाळा काढायला इंग्रजी यावं लागतं असा नियम नाही, हे मी विसरलो होतो. भाऊसाहेबांना स्वतःचं नाव कळलं होतं, स्कूल कळलं होतं, टाकी आणि बसही कळली होती.

"पाहा मॅडम, पोरीनं आपल्या सार्‍या कामाचा अभ्यास करून आनला! मले तं भरून आलं बाप्पा! काय वाटते तुमाले?"

मॅडमनी डोळे पुसले. "एक वाक्य चुकीचं नाही, सर. ही मुलगी मला पाहिजेच."

नोकरी लागली! ताईने फोनवर रडून घेतलं. लग्न थांबलं. पण त्याआधी, मी त्या खोलीतून निघायला उठलो तर भाऊसाहेब म्हणाले, "पोरी, हेच गॅदरिंगमंदी म्हनजो. पाहुण्यांसमोर."

"भाऊसाहेब," मी घाईने म्हणालो, "इतकी स्तुती दुसर्‍याच्या तोंडून बरी दिसत नाही. लोकांना वाटेल, तुम्हीच पढवली."

ते विचारात पडले. मला सुटल्यासारखं वाटलं.

"बरोबर हाय तुमचं. मी सोताच म्हनतो. तुमी शिकवा मले."

तेव्हापासून दर रविवारी मी भाऊसाहेबांच्या बंगल्यावर इंग्रजी शिकवायला जातो. चहा चांगला असतो. विद्यार्थी दुर्दैवाने हुशार निघाला. 'आय कम टू स्कूल' झालं, 'आय केम' झालं, 'आय विल कम' तर ते सोफ्यावर रेलून सुरेख म्हणतात. पल्लवीची नोकरी आणि तिच्या बाबांनी पाहून ठेवलेला पोरगा, यांच्यामध्ये आता फक्त पुढचा, म्हणजे निगेटिवचा, धडा उभा आहे.

गेल्या रविवारी त्यांनी चहा खाली ठेवला.

"पत्रकार साहेब, एक सांगा. इंग्रजीत 'नाही' म्हनाचं असलं तं कसं म्हनतेत?"

खोलीत पंखा फिरत होता. मला पल्लवी दिसली, ताई दिसली, पोहे दिसले.

"इंग्रजीत," मी म्हणालो, "नाही म्हणतच नाहीत, भाऊसाहेब."

 त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हनूनच ते लोक पुढं गेले!"

इतकी धादांत खोटी माहिती मी आजवर कोणाला दिली नव्हती. आणि मी दिलेल्या माहितीवर इतका विश्वास ठेवणारा वाचकही मला आजवर भेटला नव्हता.