जावई न्यायला आले की

माझ्या आईइतकी मायाळू बाई आमच्या परळच्या चाळीत दुसरी नाही, आणि ताईला मार खायला परत पाठवायचीही तीच. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली तरच खरं सांगितल्यासारखं होईल.

नवऱ्यानं मारलं की ताई माहेरी यायची. आई तिला शेक द्यायची, बांगड्याचं तिखलं करून घालायची आणि जावयाला शिव्यांची लाखोली वाहायची. रविवारी जावई न्यायला आले की मात्र ते पाहुणे. लगेच चहा, घावणे. चाळीत सगळ्यांचे ते लाडके, कुणाचाही बिघडलेला मोबाइल नीट करून द्यायचे. शेजारचे काका म्हणायचे, "ऑफिसचं टेन्शन असतं गं पुरुषाला." ताई हिंदमाताला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असायची, तिला टेन्शन नसावं बहुतेक! मला काकांचा असा राग यायचा! शेवटी आई ताईची ओटी भरायची. ओटी पदरात पडली की लेकीनं निघायचं, पुढे बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

त्या रविवारी ताईच्या मनगटाला प्लास्टर होतं. जावई म्हणाले, "आई, रागाच्या भरात झालं. परत नाही होणार." आईनं नारळ, तांदूळ, खण ताटात काढले.

"मी जाणार नाही," ताई म्हणाली.

आई घाबरली. घाबरली की ती ओरडते. "तुझ्या बापाशीन पण एकदा माझ्यार हात उचलल्यान. म्हणान माझो संसार मोडलो?"

हे मला ठाऊक नव्हतं. आई सकाळच्या पाळीला जायची, म्हणून शाळेत असेपर्यंत माझ्या वेण्या बाबांनी घातल्या, तेही केस ओढले जाऊ नयेत म्हणून हळूहळू. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा खाली मान घालून बसले होते. मग आईला म्हणाले, "तुका जावक जागा नव्हती, म्हणान मोडूक नाय. हिका आसा."

जागा म्हणजे आमची एक खोली. आधीच तिघांचे पाय एकमेकांना लागत होते तिथं. बाबा जावयांना म्हणाले, "चाय घेवा आणि निघा." ते चहा न घेताच गेले. काका गॅलरीतून आत आले, काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण बाबांचा चेहरा बघून परत फिरले.

ताई रडत होती. मला बाबांचा राग येत होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. आई मात्र आमच्या कुणाकडे बघत नव्हती. ती बाबांसमोर जमिनीवर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ह्यां बोलूक इतकी वर्सां लागली तुमका?"