मागच्या सीटवरचे ईश्वरअप्पा

सोनपेठ तालुक्यात कुणाला मोठी गाडी घ्यायची असली, की मुहूर्त काढायच्या आधी ईश्वरअप्पांना गाठावं लागतं. बावीस वर्षं जीप चालवलेला माणूस, तेव्हा लोकांना वाटतं हे बॉनेट उघडतील, इंजिनाला कान लावतील, ॲव्हरेजवरून वाद घालतील. अप्पा यातलं काहीएक करत नाहीत. सरळ मागचं दार उघडतात, मधली सीट दुमडतात, धोतर सावरत शेवटच्या रांगेत जाऊन बसतात आणि म्हणतात, "चालवा आता. आन् मागं बघू नका."

मग अर्धा घंटा ते तिथून हलत नाहीत. मांडीखाली गादी पुरते का, गुडघे छातीशी येतात का, मान टेकायला जागा आहे का, मागच्या माणसाचा हळू आवाज पुढं पोचतो का, एकट्या बाईला आतून उतरता येतं का, एवढंच बघतात. मागं काय, पिशव्याच ठेवायच्या, असं म्हणून लोक हसतात. हसतात, पण अप्पांनी नको म्हटलेली गाडी घ्यायची छाती कुणाची होत नाही. पालमच्या तात्यारावांची झाली होती. पहिल्याच लग्नाला त्यांच्या सासूबाई मागच्या सीटवरून ओकत गेल्या, आणि तात्याराव अजून सासुरवाडीला तोंड दाखवत नाहीत.

लोक याला पारख म्हणतात. अप्पांना ते कौतुक सोसत नाही. कारण त्या शेवटच्या रांगेत ते एकटे कधीच बसत नाहीत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भर मे महिना. अप्पांना परभणीला वऱ्हाड पोचवायचं होतं. घरी बायको, चन्नबसम्मा, दोन दिवसांपासून छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणत होत्या. दोन रात्री डोळा लागला नव्हता. वऱ्हाड उतरवू आणि तसंच डॉक्टरकडं जाऊ, असं अप्पांनी ठरवलं. आता जीपवाल्यांची रीत अशी, की पाहुणे पुढं आणि घरचं माणूस मागं. वऱ्हाडातल्या बाया मधी या म्हणत होत्या, पण अप्पांनाच ते बरं दिसेना. त्यांनी बायकोला अगदी मागं कोपऱ्यात बसवलं. पायाखाली रुखवताच्या टोपल्या. गुडघे पार छातीशी आले.

गंगाखेडच्या पुलावर त्यांनी मोठ्यानं विचारलं, "कशी हायस गं?"

"बरी हाय. तुमी चला."

दैठण्याला पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं, जरा खालच्या आवाजात. पोखर्णीला उत्तर आलं नाही. चला, डोळा लागला एकदाचा, म्हणून अप्पांना बरंच वाटलं. मंगल कार्यालयापाशी त्यांनी टोपल्या स्वतः उतरवल्या, भांड्याचा आवाज होऊ दिला नाही. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. गाडी लिंबाखाली लावली, ऊन लागू नये म्हणून आपला रुमाल तिच्या तोंडावर टाकला, आणि पंगतीला जाऊन बसले. आग्रह झाला तशी जिलबी दोनदा घेतली. अडीच घंट्यांनी तिच्यासाठी ताट घेऊन आले आणि रुमाल उचलला.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आणि तसंच बसलेलं मातीच्या स्वाधीन करतात. चन्नबसम्मा बसेनात. गुडघे खाली येईनात, मान डावीकडं कललेली ती सरळ होईना. खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखी. विधीला आलेल्या स्वामींनी कोमट पाणी लावलं, चार जणांनी हात लावले. अप्पा चौकटीला धरून उभे राहिले. बायकोच्या अंगाला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही.

दवाखान्यात पोचता पोचता गेली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मुलालाही. ताटाचं, जिलबीचं, अडीच घंट्यांचं कुणापाशी काढलं नाही. जीप विकली. तेव्हापासून कुठल्याही गाडीत पुढं बसले, की मागून ऐकू येतं, "बरी हाय." म्हणून ते मागंच जाऊन बसतात. शेजारी कुणीतरी गुडघे आवळून बसलेलं असतं. अप्पा मान वळवत नाहीत.

आता मुलालाच, शंभुराजला, सात जणांची गाडी घ्यायची होती. सून शिवरंजनी सातव्या महिन्यात होती. अप्पांनी दोन महिने आज गुडघा, उद्या ताप करून टाळलं. दुसऱ्याच्या गाडीचं ठीक होतं, ती दुसऱ्याच्या दारात जायची. ही आपल्या दारात उभी राहणार, आणि तिच्याही शेवटच्या सीटवर चन्नबसम्मा येऊन बसणार, याची त्यांना भीती वाटत होती. शेवटी एका मंगळवारी मुलानं त्यांना हाताला धरून परभणीच्या शोरूममध्ये नेलं.

तिथली निकिता नावाची मुलगी छत उघडून दाखवत होती, स्क्रीन दाखवत होती. तेवढ्यात शिवरंजनी मागच्या रांगेत शिरलीसुद्धा. "मामांचे गुडघे दुखतेत, त्यांना मधी बसू द्या," म्हणाली. अप्पा काही बोलेपर्यंत दार लागलं. निकिता पुढं बसली, शंभुराजनं गाडी नेमकी गंगाखेडच्या रस्त्याला काढली.

"कसं हाय गं मागं?" त्यानं विचारलं.

"बरं हाय."

अप्पांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. पोखर्णी जवळ आली तसं त्यानं पुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही.

"झोप लागली वाटतं," शंभुराज हसत म्हणाला. "झोपू द्या."

"गाडी थांबव."

नऊ वर्षांत पहिल्यांदा अप्पांनी मागं वळून बघितलं. डोळे मिटलेले, गुडघे वर आलेले, मान डावीकडं खिडकीशी. ते खाली उतरले, पण मधली सीट दुमडायचा खटका काही सापडेना. शंभर गाड्यांत त्यांनी तो डोळे झाकून ओढला होता. ते नुसते सीटवर थापा मारत राहिले.

"काय झालं, मामा?" शिवरंजनी दचकून उठली.

अप्पा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. निकिता बिचारी फोन कानाला लावून लांब गेली. मग तिथं, बाभळीच्या सावलीला, अप्पांनी मुलाला सगळं सांगितलं. रुमाल सांगितला, ताट सांगितलं. "झोपली समजून मी जेवायलो होतो रे. दोनदा जिलबी घेतली."

शंभुराज त्यांच्या शेजारी मातीत बसला. मग म्हणाला, "मला ठाव हाय, अप्पा. खड्ड्यात आईची मान मीच धरली होती. माती खांद्याला येईपर्यंत. लय वेळ झालाय हिला जाऊन, असं स्वामी म्हणाले होते."

"मग मला कामून विचारलं न्हाईस?"

"काय विचारणार? तुमी बरं हायच म्हणले असते."

गाडी घेतली. तीच घेतली. शिवरंजनी आता पुढं बसते. मागची सीट अप्पांनी मागून घेतली, कुणाचंही ऐकलं नाही. आणि घरात एक कायदा झाला, की या गाडीत कुणी बरं हाय म्हणायचं नाही. जे दुखत असेल ते सांगायचं, काही दुखत नसेल तर तसं सांगायचं.

परवा गंगाखेडच्या पुलावर शंभुराजनं आरशात बघून विचारलं, "अप्पा, कसं वाटायलंय?"

"गुडघा धरलाय. थांब जरा."

त्यानं पुलापलीकडं गाडी कडेला थांबवली. अप्पा हळूहळू खाली उतरले, पाय झटकले. मग दार धरून बाजूला सरकले आणि आणखी एका माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ तसेच उभे राहिले. शंभुराजनं इंजिन बंद केलं. घाई कुणीच केली नाही.