आठावर वीस टक्के

मला लिहायची सवय नाही. पण उज्वलाबाईंबद्दल कुणीतरी खरे सांगायला हवे, आणि त्या दिवशी शाळेत त्यांच्याशेजारी मीच बसलो होतो.

उज्वलाबाई महाडच्या. कुडपणच्या अलीकडे आमची वाडी. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेतून मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी त्या आल्या. पोलादपूरहून जीप मिळाली तर जीपने, नाहीतर चढ चालत. नऊ वर्षांत त्यांना उशीर झालेला मला आठवत नाही. टक्केवारी शिकवताना त्या मुलांना वाडीतल्या शेळ्या मोजायला लावत. मग विचारत, "वाढ कशावर मोजायची?" मुले ओरडत, "आधी होत्या त्यांच्यावर!"

गेल्या वर्षी दोन मुली आईबापांबरोबर बिरवाडीला राहायला गेल्या आणि पट दहावरून आठवर आला. पुढच्या वर्षीचा अंदाज दहाच्या खाली गेला तर शाळा खालच्या गावच्या शाळेला जोडणार, असे पत्र आले होते. शिमग्याला त्या मुलींची आई चंद्राबाई वाडीत आली. नवऱ्याचे कंपनीतले काम सुटले होते.

"बाय, जूनपास्नं पोरी हितंच घालनार हाय," ती म्हणाली.

"नक्की ना? मी फॉर्ममध्ये भरते आहे."

फॉर्म मोबाइलवर होता. 'अपेक्षित वाढ' या रकान्यात फक्त टक्के भरता येत होते.

"टक्के कशाला गो?" चंद्राबाई हसली. "दोन पोरी म्हंजे दोन! त्यांचं काय दूध हाय, टक्क्यानं मोजाया?"

बाईही हसल्या. दोन मुली गेल्या तेव्हा त्यांनी वीस टक्के घट भरली होती. त्याच दोन परत येणार म्हणून त्यांनी वीस टक्के वाढ भरली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "गुरुजी, एकदा नजर टाका."

मला काहीतरी खटकले. पण बाई माझ्यापेक्षा शिकलेल्या, माझेच चुकत असेल, असे वाटून मी म्हणालो, "ठीक आहे."

आठावर वीस टक्के वाढ म्हणजे नऊ पूर्णांक सहा दशांश. फॉर्मने अपूर्णांक सोडून दिला. उरले नऊ. एप्रिलअखेर शाळा जोडण्याचा आदेश आला. बाई दुरुस्तीचा अर्ज घेऊन दोनदा खाली पोलादपूरच्या कचेरीत जाऊन आल्या. मुदत संपली, आकडा तुम्हीच भरलात, एवढेच उत्तर मिळाले.

शाळेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी फळ्यावर गणित घातले. आठाचे दहा झाले, वाढ किती टक्के? सहावीतल्या माधुरीने लगेच सांगितले, "पंचवीस, बाई."

"बरोबर. मी वीस लिहिले होते."

मग माधुरी म्हणाली, "आता पुसून पंचवीस लिवा ना बाई. शाळा रायल."

बाईंनी फळा पुसला. काही लिहिले नाही.

कुलूप लावताना मी कसाबसा म्हणालो, "बाई, मला त्या दिवशी खटकलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग बोलला का नाहीत, गुरुजी?"

त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

बाईंची बदली दुसरीकडे झाली. जूनपासून मुले खाली चालत जातात. वाटेत पऱ्या लागतो, पावसात त्याच्या पाण्याला ओढ असते, म्हणून सकाळी मी त्यांना हात धरून पलीकडे सोडतो. चंद्राबाईच्या दोघीही असतात. पलीकडे पोचल्यावर मी एकेकाला मोजतो. दहा भरतात.