दह्याची भीती, अळंबीची भीती

आमच्याकडं कुणी एकानं आपली घाबरल्याची गोष्ट सांगितली की दुसऱ्याला आपली आठवते, आणि सगळ्यांचा चहा गार होतो. बिदरजवळ कोळारमध्ये आमचं दह्याचं छोटं युनिट आहे. मी लॅबमध्ये, शिवलीला अक्कांच्या हाताखाली. खाण्याच्या धंद्यातली माणसं आम्ही, पण खाण्याला आमच्याइतकं भिणारं कुणी नसेल.

*

एकदा एका टाकीतलं दही कडू निघालं. टाकी सांभाळणारे बसप्पा अण्णा सवयीनं चमचाभर चाखून बसले होते. त्यांना दरदरून घाम फुटला. "अक्का, कुणी काय टाकलंय का ह्यात?"

"विष न्हाई अण्णा," अक्का म्हणाल्या. "विरजणातले जंतू दुधातलं प्रोटीन कातरतात. त्याचे बारके तुकडे म्हणजे पेप्टाइड. जास्त कातरलं की कडू लागतंय."

"मग त्यांना थांबवायचं कसं?"

"थंडीत मंदावतात."

जेवणाच्या सुट्टीत अण्णा कुठंच दिसेनात. शेवटी कोल्ड रूममध्ये सापडले. क्रेटवर बसलेले, दात वाजतायत, दोन्ही हात पोटावर.

"माझ्या आत कातरायलेत की," म्हणाले.

*

पॅकिंगची सुनंदा मन्नाएखेळ्ळीहून बसनं यायची. आधीचं मूल पोटातच गेलेलं, आता पुन्हा दिवस राहिलेले. एकदा जेवताना अक्का सांगत होत्या, की विरजणातले काही जंतू असं पेप्टाइड बनवतात, की त्यानं दुसरे जंतू मरतात.

सुनंदानं डबा झाकला. दहीभात होता.

"कामून थांबलीस?"

"दुसऱ्या जिवाला मारतंय म्हणलाव ना अक्का." तिनं डबा लांब सारला. "माझ्या पोटात बी जीवच हाय."

अक्का हसल्या नाहीत. तिचा डबा पुढं ओढला आणि तिच्यासमोर सगळा दहीभात खाल्ला, बोटं चाटून. "बघ. काय झालं मला?"

"पटलं, अक्का. पण आता मी काय खाऊ?"

*

मारुतीचा किस्सा मात्र कुणी हसून सांगत नाही.

मारुती आमचा टेम्पो ड्रायव्हर, मूळचा करजगीचा. युनिटच्या कुंपणालगत उगवलेली पांढरी अळंबी त्यानं घरी नेली. बायको लक्ष्मीनं मसाल्याची भाजी केली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी शीळ घालत आला.

"काल उलट्या-जुलाबानं पार आडवा झालतो. अळंबी बाधली. आज एकदम बरा हाय."

अक्कांचा चेहरा उतरला. "जेवल्या जेवल्या सुरू झालं?"

"न्हाई, रात्री जेवलो, सकाळी सुरू झालं."

"गाडीत बस. दवाखान्यात जायचंय."

"बरा झालोय म्हणलं की."

"म्हणूनच."

गाडीत त्या माझ्या कानाशी बोलल्या. काही जातीची अळंबी स्वतःच्या अंगात विषारी पेप्टाइड तयार करते. शिजवून ते जात नाही, आणि त्याचा त्रास जेवल्यावर बऱ्याच तासांनी सुरू होतो. उलट्या थांबतात, माणसाला बरं वाटतं, आणि तेव्हाच आत लिव्हर निकामी होत असतं. पुढच्या सीटवर मारुती बायकोला फोनवर सांगत होता, "काही न्हाई गं, अक्का उगीच घाबरायल्यात." मला त्याच्याकडं बघवेना.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्याला लगेच हैदराबादला न्यायला सांगितलं. लक्ष्मी धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, भाजी अजून कुणी खाल्ली?

"कुणीच न्हाई. थोडीच होती, सगळी ह्यांनाच वाढली."

अँब्युलन्सचं दार लागताना तिनं अक्कांचा हात धरला. "मीठ बघितलं होतं मी. दोन घास."

दोघांनाही नेलं. ती लवकर सावरली. मारुतीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अक्का रोज फोन लावायच्या आणि आम्ही सगळे कामं सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहायचो. शेवटी तो परत आला, निम्मा होऊन.

परवा आम्ही त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. साधं वरण होतं. लक्ष्मीनं चाखायला पळी उचलली, तसा मारुतीनं तिचा हात धरला.

"थांब. मीठ मी बघतो."